ओढीसाठी पिकअप घेताना : आधी वजनाचा काटा, मग किंमत

कार्तिक पौर्णिमा जवळ आली की कपिलधारच्या रस्त्यावर वर्दळ वाढते. मन्मथ स्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्राबरोबर कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या येतात. त्यांच्या मागोमाग खेळणी, बांगड्या, भांडी, मिठाई, मंडप, जनरेटर आणि पाळणे घेऊन व्यापारी व कारागीर निघतात. मांजरसुंब्याजवळ सोलापूर-धुळे महामार्ग आणि अहिल्यानगर-पाटोदा-केज-अंबाजोगाई रस्ता एकमेकांना मिळतात. त्यात बालाघाटाचा चढउतार. त्यामुळे या पट्ट्यात माल ओढण्याचे काम आहे आणि बंद पडलेल्या गाड्या टोचन करून आणण्याचेही काम आहे.

हे पाहून अनेक मिस्त्री, मंडपवाले आणि फिरते दुकानदार एकाच निर्णयाला येतात : "एक पिकअप घेऊ, मागे ट्रॉली जोडू, सीझनला यात्रा आणि बाकी दिवस टोचन." विचार वाईट नाही. परंतु गाडी घेताना किंमत आणि हप्ता एवढेच पाहिले जाते. गाडी किती वजन ओढू शकते आणि ते ओढताना दुरुस्तीला किती खाते, हे दोन प्रश्न मागे राहतात. दोन वर्षांनी क्लच, पाटे आणि टायर यांची बिले जमा होतात तेव्हा लक्षात येते की कमाई गाडीनेच खाल्ली. ब्रेकने घाटात दगा दिला तर नुकसान पैशांत मोजता येत नाही. म्हणून हे गणित गाडी घेण्याआधी कागदावर मांडणे आवश्यक आहे.

काम कोणते, ते आधी ठरवा

"ओढणे" या एका शब्दात तीन वेगळी कामे येतात.

पहिले काम हौद्यात माल भरून नेण्याचे. यात्रेतल्या बहुतेक दुकानदारांना एवढेच हवे असते. पाचसातशे किलो मालासाठी मागे ट्रॉली जोडण्याची गरज नाही.

दुसरे काम मागे ट्रॉली जोडून जनरेटर, वेल्डिंग सेट, मंडपाचे पाइप किंवा पाळण्याचे सांगाडे नेण्याचे.

तिसरे काम टोचनचे, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढून गॅरेजपर्यंत आणण्याचे.

या तिन्ही कामांना लागणारी गाडी वेगळी असते. वर्षाचे तीनशे दिवस पहिले काम आणि पंधरा दिवस दुसरे असेल, तर पंधरा दिवसांसाठी मोठी गाडी सांभाळणे म्हणजे पाहुण्यांसाठी घर बांधणे होय. असे पंधरा दिवस भाड्याची गाडी परवडते.

वजनाचे चार आकडे

गाडीच्या आर.सी.वर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की हौद्यात किती माल घालता येईल ते कळते. यात चालक, क्लीनर, स्टेपनी, हौद्यावर बसवलेली जाळी आणि मागचा लोखंडी हूक हेही धरायचे असते, हे पुष्कळ जण विसरतात.

तिसरा आकडा ट्रॉलीचे मालासह वजन. चौथा आकडा गाडी आणि ट्रॉली मिळून होणारे एकूण वजन. अनेक पिकअपच्या कागदांत ओढीचे वजन दिलेलेच नसते. अशा वेळी विक्रेता तोंडी "दोन टन आरामात ओढते" म्हणेल. त्याला हे कंपनीच्या कागदावर लिहून मागा. कागद मिळाला नाही तर ती गाडी ओढीसाठी बनवलेली नाही असे समजा आणि माल हौद्यातच न्या.

वजन अंदाजाने धरू नये. जवळच्या जिनिंगच्या किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी एकदा रिकामी, एकदा भरलेली आणि एकदा ट्रॉलीसह घालावी. काट्याचे पैसे थोडे लागतात, पण मिळालेली पावती वर्षभर उपयोगी पडते.

ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर खाली दाबला गेला पाहिजे. ट्रॉली एक हजार किलोची असेल तर हुकावर शंभर किलो. माल फार मागे भरला तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॉली वेगात डावी-उजवी डोलू लागते. माल फार पुढे भरला तर पिकअपची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. हुकावरचे वजन हौद्याच्या मालातच मोजायचे असते.

चढावर काय होते

एक साधे गणित पाहू. समजा गाडी दोन हजार किलो आणि ट्रॉली दीड हजार किलो, मिळून ३,५०० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर हळू चालताना हे वजन पुढे सरकवायला साधारण दीड टक्का, म्हणजे ५२ किलोच्या आसपास जोर लागतो. आता रस्ता २० फुटांना एक फूट चढू लागला तर आणखी १७५ किलो जोर लागेल. एकूण २२७ किलो. म्हणजे सपाटीच्या चौपटीहून अधिक. एवढ्या साध्या चढालाही गाडीला चौपट मेहनत पडते आणि ती सगळी क्लच, गिअरबॉक्स, क्रॉस आणि मागच्या डिफरेन्शियलवर येते.

म्हणून ओढीची गाडी निवडताना नुसते हॉर्सपॉवर पाहू नये. कमी फेऱ्यांवर इंजिन किती पिळ देते, म्हणजे टॉर्क किती आहे, ते पाहावे. डिझेल इंजिनाला इथे मान आहे. सोबत मजबूत चॅसी, मागचे पाटे आणि मागच्या चाकांना जोर देणारी रचना असावी. भरलेल्या गाडीत वजन मागच्या चाकांवर येते, त्यामुळे ती चाके रस्ता धरून ठेवतात.

बाजारात २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला "छोटा हत्ती", सुरुवातीला ७०२ सी.सी.चे दोन सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे १६ हॉर्सपॉवर घेऊन आला. पाऊण टन माल गल्लीबोळांतून पोहोचवणे हे त्याचे काम. ते त्याने चोख केले आणि हजारो घरांची रोजी चालवली. पण म्हणून त्याच्या मागे ट्रॉली लावून घाट चढणे त्याच्यावर अन्याय आहे. २०११ साली आलेला अशोक लेलँडचा दोस्त सव्वा टनाच्या वर्गातला. त्याहून वरच्या वर्गात महिंद्राची बोलेरो पिकअप आणि टाटाची योद्धा येते. ओढीचा विचार असेल तर या वरच्या वर्गापासून सुरुवात करावी आणि तिथेही कागद मागावा.

उतार हीच खरी परीक्षा

चढावर गाडी फार तर बंद पडते. उतारावर ती थांबत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर दोन हजार किलोसाठी बनवलेल्या ब्रेकना साडेतीन हजार किलो थांबवावे लागते. त्यामुळे थांबण्याचे अंतर पावणेदोन पटीपर्यंत जाऊ शकते. वेग दुप्पट केला तर तेच अंतर चौपट होते.

घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ड्रम आणि लायनर तापतात व पकड सोडतात. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात हवेतले पाणी मुरलेले असते. ते उकळले की पेडल भुसभुशीत होऊन तळाला जाते. म्हणून घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकावा आणि वेग इंजिनाने धरावा. गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय ज्याला आहे, त्याच्या हाती ओढीची गाडी देऊ नये. यात्रेच्या दिवसांत याच रस्त्याने दिंडीतली माणसे पायी चाललेली असतात, त्यांच्यात म्हाताऱ्या बायका आणि लेकरेही असतात.

टोचन करताना

टोचनच्या कामात पैसा आहे, पण बेफिकिरीही खूप आहे. १९८९ च्या रस्ता नियमांनी घालून दिलेली रीत आजही डोळ्यांपुढे ठेवण्यासारखी आहे. दोन गाड्यांतील अंतर पाच मीटरहून अधिक नको. दोर किंवा साखळी लांबून दिसेल अशी हवी, त्यासाठी लाल फडके बांधावे. मागच्या गाडीत परवानाधारक चालक हवा. वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत हवा. नंतर २०१७ साली या नियमांच्या जागी नवी नियमावली आली, पण सुरक्षिततेचे तत्त्व बदललेले नाही.

मिस्त्री मंडळींनी आणखी एक गोष्ट ग्राहकाला समजावून सांगावी. बंद इंजिनाच्या गाडीत ब्रेकला मिळणारी मदत थांबते आणि पॉवर स्टेअरिंग जड होते. मागच्या चालकाला ब्रेक लागत नाही असे वाटते आणि तो घाबरतो. म्हणून उतारावर दोराने टोचन करूच नये. लोखंडी रॉड वापरावा किंवा पुढची चाके उचलणारी गाडी बोलवावी. ऑटोमॅटिक गिअरच्या आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या, जोराची चाके रस्त्यावर ठेवून ओढल्यास आतून खराब होतात. अशा गाडीचे काम घेण्यापूर्वी चाके उचलण्याची सोय आहे का ते पाहावे. दोर बंपरला बांधू नये, चॅसीच्या हुकालाच बांधावा. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो, तेव्हा जवळ कोणाला उभे राहू देऊ नये.

दुरुस्तीचा हिशेब

आता पैशांकडे वळू. खालील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. आपण आपल्या गावचे भाव घालून तोच हिशेब करावा.

समजा १० लाखांची नवी पिकअप वर्षाला १८,००० किलोमीटर चालते. त्यांपैकी ६,००० किलोमीटर ओढीचे. डिझेल ९० रुपये धरू. साध्या चालीत १२ आणि ओढीत ८ किलोमीटरची सरासरी धरली, तर वर्षाला १,७५० लिटर लागेल. वर्षाचा खर्च असा :

डिझेल – १,५७,५०० रुपये
टायर (२८,००० चा संच, ३५,००० कि.मी.) – १४,४०० रुपये
इंजिन ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग – ९,००० रुपये
क्लच (१२,००० रुपये, ३०,००० कि.मी.) – ७,२०० रुपये
ब्रेक लायनर व ऑइल – ३,६०० रुपये
पाटे, बुश, बेअरिंग, क्रॉस – १०,००० रुपये
विमा, कर, फिटनेस – ४०,००० रुपये
घसारा (आठ वर्षांनी ३,६०,००० ला विकली असे धरून) – ८०,००० रुपये

एकूण ३,२१,७०० रुपये. म्हणजे किलोमीटरला १७ रुपये ८७ पैसे, आणि यात चालकाचा पगार धरलेला नाही. भाडे ठरवताना बहुतेक जण फक्त डिझेल मोजतात. इथे डिझेल किलोमीटरला पावणेनऊ रुपये होते. खरा खर्च त्याच्या दुपटीहून जास्त आहे. "डिझेल सुटून पाचशे राहिले" म्हणणारा कित्येकदा खिशातून पैसे घालत असतो, फक्त त्याला ते दिसत नाही.

क्लचकडे पाहा. जो क्लच साध्या चालीत ६०,००० किलोमीटर गेला असता, तो ओढीत निम्म्यात गेला असे आपण धरले आहे. म्हणून ओढीच्या कामाचा दर साध्या मालवाहतुकीपेक्षा वेगळा आणि जास्त असला पाहिजे.

नवी की जुनी?

समजा तीच गाडी जुनी ४ लाखांना मिळते आणि पाच वर्षांनी दीड लाखाला जाते. घसारा वर्षाला ५०,००० रुपये. विमा-कर तेवढाच. पण दुरुस्ती आणि टायर मिळून नव्या गाडीच्या ४४,२०० रुपयांऐवजी दुप्पट, म्हणजे ८८,४०० रुपये धरू, आणि डिझेल १,७०,००० रुपये. एकूण ३,४८,४०० रुपये. किलोमीटरला १९ रुपये ३६ पैसे. स्वस्त गाडी महाग पडली!

मात्र घाई करू नका. नव्या गाडीचा बसून राहिल्यावरही होणारा खर्च वर्षाला ३०,००० रुपयांनी जास्त आहे, आणि जुनीचा चालण्याचा खर्च किलोमीटरला ३ रुपये १५ पैशांनी जास्त आहे. भागाकार केला तर साडेनऊ हजार किलोमीटर येतात. वर्षाला त्याहून कमी धावणाऱ्याला जुनी परवडते, जास्त धावणाऱ्याला नवी. यात्रा-सीझनपुरता धंदा करणाऱ्याने जुनी चांगली गाडी पाहावी. रोज मोंढा ते गाव फेऱ्या करणाऱ्याने नवी.

यात हप्त्याचे व्याज आलेले नाही. वरचे ६ लाख कर्जाने काढले आणि पहिल्या वर्षी व्याज ५०,००० धरले, तर हीच सीमा साडेनऊ हजारांवरून पंचवीस हजार किलोमीटरच्या पुढे जाते. पुढील वर्षांत व्याज घटते, पण सुरुवातीची वर्षेच कठीण असतात. आपल्यापैकी अनेक जण व्याज टाळतात. त्यांनी केवळ गाडी नवी हवी म्हणून मन मोडण्याचे कारण नाही. हिशेबही पुष्कळदा त्यांच्याच बाजूने आहे. रोखीने जुनी घ्यावी, दोन भावांनी किंवा भागीदारांनी लेखी कराराने मिळून घ्यावी, किंवा जवळ बिनव्याजी पतसंस्था असेल तर तिथे चौकशी करावी.

जुनी गाडी तपासताना

इंजिन थंड असताना सुरू करून पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. चालू इंजिनाचे ऑइल झाकण उघडल्यावर जोराने धूर येत असेल तर बोअर-पिस्टनचे काम जवळ आले. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नसेल तर क्लच घसरतो आहे. मागून घरघर येत असेल तर डिफरेन्शियल पाहा. खाली वाकून चॅसीवर, विशेषतः मागच्या हुकाजवळ, नवे वेल्डिंग किंवा ताजा रंग आहे का ते पाहा. टायरवरचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला आहे. नक्षी दिसत असली तरी जुने रबर ओझ्याखाली फुटते. गोटा झालेल्या टायरबद्दल तर बोलायलाच नको.

१ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ ची सक्ती झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांचा धूर स्वच्छ असतो, पण इंजेक्टर आणि धुराचे फिल्टर नाजूक असतात. भेसळीचे डिझेल आणि सततच्या छोट्या फेऱ्या त्यांना मानवत नाहीत, आणि स्कॅनर नसलेल्या गॅरेजात त्यांचे काम होत नाही. घेण्यापूर्वी विचारा : हिचे काम बीडमध्ये होते की दूर न्यावी लागेल? गाडी आठ दिवस बंद राहिली तर बुडालेली कमाई हाही दुरुस्तीचाच खर्च आहे.

कागदपत्रे

ट्रॉली हे मोटार वाहन कायदा १९८८ नुसार वेगळे वाहन आहे आणि तिची वेगळी नोंदणी लागते. बीड (एम.एच. २३) किंवा अंबाजोगाई (एम.एच. ४४) कार्यालयात आधी चौकशी करूनच ट्रॉली घ्यावी. आपल्यातले अनेक वेल्डिंग कारागीर उत्तम ट्रॉली बनवतात. परंतु मंजुरी नसलेली ट्रॉली रस्त्यावर आली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि बनवणाराही अडचणीत येतो. गिऱ्हाईक आग्रह करते म्हणून असे काम घेऊ नये. विम्यातही ट्रॉलीचा उल्लेख करून घ्यावा.

एकूण ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. जादा वजनाला मात्र २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एकाच पावतीत महिन्याची कमाई जाते. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. जुनी गाडी घेताना नमुना २९ व ३० वर सह्या घ्याव्यात, कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि थकीत दंड आधी मिटवून घ्यावेत.

गाडी घेतल्यावर

ओढीच्या गाडीचे गिअर ऑइल आणि डिफरेन्शियलचे ऑइल पुस्तकातल्या अंतराच्या निम्म्यावर बदलावे. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे. रेडिएटर, फॅन बेल्ट आणि हवा दर आठवड्याला पाहावी. ट्रॉलीच्या चाकांचे बेअरिंग वर्षातून एकदा उघडून ग्रीस करावे. हुकाची पिन, सुरक्षेची साखळी आणि मागचे दिवे निघण्यापूर्वी रोज तपासावेत. यात्रा संपते न संपते तोच ऊस तोडणीच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर येतात, म्हणून लाल रिफ्लेक्टर लावायला विसरू नये.

शेवटची सूचना सोपी आहे. गाडीत एक वही ठेवा. किलोमीटर, डिझेल, दुरुस्ती आणि मिळालेले भाडे रोज त्यात लिहा. सहा महिन्यांनी ती वही उघडली की गाडी घर चालवते आहे की घर गाडी चालवते आहे, हे कोणाला विचारावे लागणार नाही.